साडेनऊची आमटी

पाथरीहून आलेली शेवटची गाडी डेपोत लागली.
हिशेब भरला, बावीस रुपये कमी आले,
ते माझ्या पाकिटातून घातले.
साडेनऊ.
चपला दारातच सुटल्या, मी आत.

मुंजाजी ओट्याशी उभा. तोही आत्ताच शटर ओढून आलाय.
दिवसभर दुसऱ्यांचे मोबाइल उघडून बसणारा माणूस
फ्रिज उघडतो, बघतो, लावतो,
पुन्हा उघडतो,
जसं काय मधल्या वेळात कुणी भाजी आणून ठेवली असेल.

"काय करायचं?"
सहा अक्षरं. आणि मला
दिवसभरच्या चारशे तिकिटांपेक्षा जड.

आज लई झालं.
मानवतच्या फाट्यावर एका पाव्हण्यानं
वीसच्या तिकिटाला पाचशेची नोट काढली,
आणि सगळी गाडी माझ्याकडंच बघायली,
सुट्टे मीच गिळल्यासारखी.
बोटांना अजून नाण्यांचा वास आहे.
हात दोनदा धुतले तरी आहे.

"सरक," मी म्हणते.

कढईत तेल. मोहरी तडतडली तर तडतडली.
लसूण सोलायचा नाही.
वरवंट्याचा एक दणका, आणि सालीसकट आत.
साल ज्याच्या दाताखाली येईल त्यानं बाजूला काढावी,
तेवढं काम ज्याचं त्यानं करावं.
हळद. मग डबा.

डबा श्रीखंडाचा, जुना.
झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर मुलीच्या अक्षरात:
येसर. तिखट आहे. आई, खूप घालू नको.
दोन मुठी गार पाण्यात कालवून ओतायच्या,
नाहीतर गुठळ्या होतात,
आणि गुठळ्या फोडत बसायला
आज या घरात कुणाच्याच हातात जीव नाही.

भाकरी सकाळचीच.
पाण्याचा हबका मारून तव्यावर टाकली,
कडक झाली, बरं झालं,
चुरायला सोपी.

आमटी उकळायलीय.
वासानं पोरगी पुस्तकावरून उठून येते,
"परत येसर?" म्हणते
आणि सगळ्यात मोठी वाटी घेऊन बसते.

वाफ चष्म्यावर येते. मी पुसत नाही.
पुसली नाही की झरी दिसते,
प्रयागामावशीचं अंगण, चैत, दुपार.
ज्वारी वेगळी भाजायली, हरभऱ्याची डाळ वेगळी,
धने वेगळे, खोबरं वेगळं,
मिरच्यांच्या वेळेला तर पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा खोकली.
"एकदाच टाक की सगळं," मी म्हणले होते.
"ज्याची त्याची आच येगळी ऱ्हाती, बाई."
मी तासभर बसले आणि चारच्या गाडीनं परत आले.
ती दोन दिवस चुलीपुढून उठली नाही.

मागं फोनवर तिला म्हणले,
मावशे, तुझ्या येसरानं लई सोपं झालंय बघ माझं.
"हो ना," ती म्हणाली.
एवढंच. आणि मग तिला खोकला आला,
आणि मला ड्युटी होती.

मुंजाजी भुरकतो. पोरगी भुरकते.
पंधरा मिनिटांत झालं, तो म्हणतो, कमाल आहे.
मी म्हणते, पंधरा मिनिटं आणि दोन दिवस.
त्याला कळत नाही. तो कांदा फोडून माझ्या पुढ्यात ठेवतो.

डबा तळाला लागलाय. वाकडा करून बघते,
अजून दोन वेळचं, ताणलं तर तीन.
मंगळवारी माझी सुट्टी.
झरीची गाडी सकाळी, माझ्याच डेपोची,
कंडक्टर ओळखीची, जागा धरून ठेवील.
"मी पण येतो," मुंजाजी म्हणतो, "मिरच्या मी भाजतो."
त्यानं जन्मात मिरची भाजलेली नाही.
बघू.

ताटं?
राहू दे पाण्यात. सकाळचं सकाळी.
आधी मला ही वाटी संपवू दे,
साल लागली दाताखाली,
माझीच.