काटा

चप्पल काढ, म्हणाल्या कळंबे सिस्टर.
काढली. पर्स बाकावर ठेवली.
बांगड्याही काढू का, विचारलं
तर मागे बसलेल्या चौघी पोट धरून हसल्या.
काटा थरथरला,
चौसष्टला जाऊन थांबला.

"महिन्यात चार किलो, प्रणिता.
बाळाचा त्यातला वाटा मुठीएवढा."
आणि साखरेचा रिपोर्ट उंबरठ्यावर,
धड आत नाही, धड बाहेर नाही.

बेलापूरच्या दवाखान्यातून दिवाळे गावापर्यंत
रिक्षा सोडून चालत आले.
वाटभर शोधत होते, कुठे दडले हे चार किलो?
निजताना प्यालेल्या सायीच्या दुधात,
नणंदेने पाठवलेल्या करंज्यांत,
डोहाळे म्हणून भूपेशने आणलेल्या
आणि निम्मा त्यानेच खाल्लेल्या फालुद्यात,
आणि सगळ्यात जास्त
आयच्या "आजून येक"मध्ये.

आय मासळी विकते.
बाजारात तिसऱ्या खांबाला तिची पाटी.
तिचा तराजू कुणी तपासत नाही,
कारण तोलून झालं की
ती वर एक बोंबील टाकतेच.
माझ्या ताटातही हीच रीत:
तांदळाच्या दोन भाकरी मोजून, तिसरी वरची.
"खा गो. दोन जिवांची हास."

त्या संध्याकाळी कार्ड तिच्यापुढे ठेवलं.
अक्षरं येत नाहीत तिला, आकडे येतात.
चौसष्टवर बोट टेकवून ती खुलली.
आय, हे जास्त आहे, मी म्हटलं.

"जास्त?"
पापलेटचा कल्ला उचलून बघावा
तसा तिने तो शब्द उघडून बघितला.
मग पाट्यावर वाटण ओढत,
मान वर न करता:

"माजा पयला याच तराजूत तोलला.
सुईन म्हनाली, बघू तरी.
या पारड्यात तो, त्या पारड्यात किलोचा माप.
माप खाली ऱ्हायला."

वरवंटा दोनदा फिरला.

"पेज पिऊन दिवस काढलेले. मासं सगलं इकायला."

माझ्या दंडावर काटा उभा राहिला.
इतके महिने माझ्या ताटात
ती आणखी कुणाला तरी वाढत होती,
एकोणीस वर्षांच्या
चांगुणा नावाच्या पोरीला.
आणि ती पोर काही केल्या
पुरे म्हणत नव्हती.

पुढच्या खेपेला आय दवाखान्यात आली,
पदर खोचून, बाजारात उभी राहते तशी.
"किती वाढायचा ता माप सांगा बाय."
सिस्टर म्हणाल्या, उपाशी नाही ठेवायची हं.
थोडं थोडं, चार-पाच वेळा.
मूग, माठाची भाजी,
मासे हवे तेवढे लहान, पण तळून नको, कालवण कर.
भाकरी एक.

"दीड करा."
"एक."
"बरा, येक. आन वर…"
"वर काकडी."

आयने माझ्याकडे पाहिलं.
सौदा पहिल्यांदाच हरत होती बहुतेक.
जाता जाता सिस्टरांनी तिलाही काट्यावर उभी केली
आणि बोटाला सुई टोचली.
त्याबद्दल तिने घरी कुणाला सांगायचं नाही
असं बजावलंय, म्हणून इथे थांबते.

आता रात्री नाचणीची एक भाकरी,
वाटीभर कालवण, आणि काकडी
इतकी की सशाला पुरावी.
मग आम्ही दोघी जेट्टीपर्यंत चालतो.
भूक मध्येच लागते, खोटं कशाला बोलू?
फालुदा स्वप्नात येतो, वरच्या आइस्क्रीमसकट.

काल ताटातल्या मांदेलीतून
तिने नखाने काटा ओढून काढला,
दिव्याकडे धरला, केसासारखा बारीक,
आणि ताटाच्या कडेला ठेवत म्हणाली,
"बघ, येवरा कमी झाला.
सांग तुझ्या सिस्टरला."