मध्यम, बावन्न किलोमीटर

मेणकापडावर नकाशा पसरलाय.
तीन कोपऱ्यांवर मीठदाणी, चष्म्याचं घर,
माओदेझच्या गोळ्यांची डबी.
चौथ्यावर ठेवायला काही सापडत नाही,
म्हणून तो सारखा वळतो
आणि ब्रेतॉन किनाऱ्याचा तेवढा तुकडा
स्वतःत गुंडाळून घेतो.

रविवारची फेरी मी आखायची.
सदतीस वर्षं इथं टपाल वाटलं,
आधी पिवळ्या सायकलवरून, मग पिवळ्या गाडीतून.
सगळे म्हणतात, तुला रस्ते पाठ आहेत.
रस्ते कुठले, मला कुत्रे पाठ आहेत.

शिवणाच्या डब्यातला लाल दोरा,
दर दहा किलोमीटरला गाठ.
बोटाच्या पेरानं दाबत, वळणावळणाला
त्याची समजूत काढत न्यायचा.

"मध्यम ठेव," माओदेझ म्हणतो.
त्याच्या छातीत दोन स्टेंट.
त्याचं मध्यम म्हणजे गप्पा न तुटता चढता येईल इतपत.
भाची आझेनोर कार्बनची सायकल दोन बोटांवर उचलून दाखवते,
तिचं मध्यम म्हणजे घाम.
शेजारच्या मादाम कालवेझचं मध्यम म्हणजे
निम्म्यावर बेकरी, आणि ती उघडी.
मी कागदावर लिहिते: मध्यम.
इतक्या जणांना एकच शब्द घालायचा
तर तो जरा सैल शिवावा लागतो.

वारा पश्चिमेचा असणार.
पाय ताजे आहेत तोवर त्याला छातीवर घ्यायचं, दीपगृहापर्यंत,
मग परतताना तोच पाठीवर हात ठेवतो.
(उधारी सकाळी फेडावी,
पहिल्या दिवशी म्हाताऱ्या पोस्टमननं सांगितलं होतं.)
बेटाकडची दगडी वाट सव्वाअकराला मोकळी,
एकनंतर पाण्याखाली.
तिथं शेवाळ. उतरून चालायचं. आझेनोरनंसुद्धा.
आर्टिचोकच्या शेतांशी ट्रॅक्टरनं आणलेला चिखल.
चॅपलचा चढ सहा टक्के,
गिअर आधीच हलका करून ठेवा,
मध्यावर खटपट केली की साखळी उतरते.

एकेचाळीसाव्या किलोमीटरला दोरा अडला.

पुढे दोनच रस्ते.
एक हमरस्ता, भाजीचे ट्रक
कोपरापासून वीतभरावरून जातात.
दुसरा केरव्हेनचा:
दोन्ही अंगांना उंच बांध, ब्लॅकबेरी, सावली,
तासाला एखादं वाहन,
आणि टोकाला माझ्या भावाचं घर.

आमच्या दोघांच्या शेतांमधला बांध
गुल्वेननं एका सकाळी सपाट केला,
ओकच्या सात झाडांसकट.
तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत एकोणीस वर्षं
मी त्याच्या पेटीत पत्रं टाकली
आणि शब्द टाकला नाही.
विजेची बिलं, बियाण्यांची पत्रकं,
एकदा इस्पितळाचा शिक्का असलेलं पाकीट.
ते मी उजेडाकडे धरलं नाही.
धरावंसं वाटलं.

"गेलो तसेच परत आलो तर?"
"ब्याऐंशी होतील," माओदेझ म्हणतो,
"आणि तोवर वाट बुडालेली असेल.
शिवाय त्याला कुणी फेरी म्हणत नाही."
गोळीची वेळ झाली, तो डबी उचलतो.
आणखी एक कोपरा सुटतो, केरव्हेन झाकलं जातं.
आम्ही दोघंही थोडा वेळ ते तसंच राहू देतो.

मग मी मनगट ठेवते नकाशावर.
दोरा त्या रस्त्यानं नेते.
इतका सरळ बसतो की रागच येतो त्याचा.
आमच्या फाटकाशी पोहोचून
वर नखाएवढा उरतो.

त्याच्या गोठ्याच्या भिंतीला नळ आहे,
आमच्या वडिलांनी बसवलेला, उलटा,
उजवीकडे फिरवला की उघडतो.
नवख्या माणसाला वाटतं, गंजलाय.

कागदावर लिहिते:
चव्वेचाळीस कि.मी. पाणी. नळ उजवीकडे फिरवणे.
पेन टोपणात घालते, पुन्हा काढते.
पाच मिनिटांचं खोडून
दहा मिनिटं थांबायचं, असं करते.

कुत्र्याचं काही लिहीत नाही.
जुना केव्हाच गेला असेल.
आताचा मला पाठ नाही.