कंबरेत वाकून

तीन आठवडे ताठ उभं राहायचं नाही,
डॉक्टर बाल्तार म्हणाली, पोटाचे टाके ओढले जातील.
मला हसू आलं, आणि हसण्यानंच ते ओढले गेले.
बाई, एकतीस वर्षं मी अरौसाच्या खाडीत वाकूनच आहे.
ओहोटीला उतरायचं, दंताळ्यानं रेती खरवडायची,
तिसऱ्या वेचायच्या, बारक्या निघाल्या तर परत पुरायच्या.
ताठ चालायचे ती फक्त मयताला.

तिसरी जिवंत आहे का ते आम्ही टिचकी मारून बघतो.
मिटली तर जिवंत.
इस्पितळात पहिल्या रात्री दर तासाला नर्स यायची,
नव्या स्तनावर बोट दाबायची, उचलायची,
पांढरं पडलेलं परत गुलाबी होतंय का, वाट बघायची.
मीही बघायचे. दुसऱ्या कुणाचं तरी बघावं तसं.

घरी आले ती तीन नळ्या आणि तीन फुगे घेऊन.
रोज संध्याकाळी ते रिकामे करून मोजायचे, लिहायचं.
दुसरी वही नव्हती.
डाव्या पानावर मार्चमधलं: नऊ किलो, अकरा, भांग, काही नाही.
उजव्या पानावर: सत्तर, पंचावन्न, पस्तीस.
आकडा उतरला म्हणून आनंद
या वहीला प्रथमच माहीत झाला.

आता माझं पोट माझ्या छातीत राहतं.
खोटं नाही सांगत. तेच कातडं, तीच चरबी,
ख्रिसमसला जास्त खाल्लं तर तिथंच दिसेल म्हणे.
बेंबीही नवी शिवलीय, जराशी डावीकडे.
उशिया पोटात होती तेव्हा पडलेल्या रेघा
वर आल्यात, चंदेरी, आडव्या,
ओहोटीनंतर रेतीवर राहतात तशा.
ती बावीसची आहे, व्हिगोला कॉलेजात.
फोनवर म्हटलं, तू वर चढलीस गं.
बराच वेळ काही बोललीच नाही.

कळत काही नाही तिथं.
गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, फोड आला,
तो मला आरशानं सांगितला.
आणि जे स्तनाग्र आता नाहीच
ते थंडीत खाजतं. खाजवायचं कुठे?
फेर्मीन चाचपत विचारतो, इथं? इथं? इथं?
हरवलेली किल्ली शोधणाऱ्या माणसासारखा.
मी एकदा खोटंच हो म्हटलं.
त्याला कळलं. तरी त्यानं हात तिथंच ठेवला.

पोंतेवेद्राची एक मुलगी गोंदून देते,
तिच्याकडे तपकिरी रंगाच्या चौदा छटा आहेत.
कुठली होती माझी, मला आठवेना.
म्हटलं, हिवाळा जाऊ दे.

सप्टेंबरात शेडमध्ये गेले, फक्त भेटायला.
बायका रबरी बूट धूत होत्या.
रेमेडिओस म्हणाली, दाखव की.
मी स्वेटर वर केला. कुणी नजर वळवली नाही,
कुणी क्रूसही केला नाही, याचं बरं वाटलं.
तिनं हात पुसले, नीट पुसलेच नाहीत,
ती गार, मिठानं चिरलेली बोटं
सरळ टेकवली.
मला काही कळलं नाही.
ती दचकली.
"गरम आहे गं!"

गरम आहे.
पाच महिने मी ते अंगावर वागवत होते
आणि मला ठाऊक नव्हतं.
मग सगळ्याच आल्या, रांगेत,
पाव घ्यायला यावं तशा.

दंताळं अजून उचलायचं नाही,
म्हणून मी मापपट्टी घेऊन बसते,
बारक्या निवडून बादलीत टाकते.
काल उधाणाची ओहोटी होती, पाणी खूप लांब गेलं.
कुणी बघत नाहीसं पाहून उतरले,
बोटांनीच उकरलं.
कंबर वाकली तेव्हा पोट तटतटलं,
वर मात्र काही नाही,
एक गरम, मुकं वजन
माझ्याबरोबर वाकलं.

वहीत लिहिलं: दीड किलो.
डाव्या पानावर.