बुचं

सकाळी सातला मशीननं आकडा टाकला: अकरा हजार.
माझा विश्वास बसेना.
कधी कधी नळीतल्या नळीत प्लेटलेट्स एकमेकींना बिलगतात
आणि मशीनला त्या दिसतच नाहीत.
म्हणून निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त मागवलं,
काचेवर थेंब ओढला, रंगवला,
डोळा लावून बसले:
कुठे एखादा घोळका.
नव्हता.
तांबड्या पेशींचं भरलेलं शिवार,
आणि लांब लांब, वाट चुकल्यासारखी, एखादीच.

झेफेरिनो. वय एकसष्ट. वॉर्ड तीन.
हे नाव मला चिठ्ठीवर वाचावं लागत नाही.
माझ्या वडिलांचा जोडीदार. एका ओकला दोन कुऱ्हाडी,
एक या अंगानं, एक त्या अंगानं.
बुचाची साल सुटताना
ओलं कापड फाटल्यासारखा आवाज येतो,
तो दोघांनी मिळून चाळीस उन्हाळे ऐकला.
या जूनमध्ये कुऱ्हाड घसरली. नडगी. मग हाडात पू.
मग लिनेझोलिड, दिवसाला दोन गोळ्या.
आणि जखम भरतही आली होती, हे विसरायला नको.

दुपारी वर गेले. लॅबच्या माणसानं जायचं नसतं.
त्यानं चादर सारून पाय दाखवले:
टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके,
दाबले तरी फिके न पडणारे.
हिरडीचं रक्त रुमालात लपवत होता.
"औषधानं जंतू गाठले," मी म्हटलं,
"आणि जाता जाता तुमच्या रक्तातली बुचंही संपवली."
अर्ध्या आलेंतेजूच्या बाटल्या ज्यानं बंद केल्या
तो माणूस बघत राहिला,
मग हसला. हसल्यावर हिरडी पुन्हा सुटली.

"नऊ वर्षं लागतात," म्हणाला, "नवी साल धरायला.
साल काढली की त्या जागी आम्ही साल लिहितो,
पांढऱ्या रंगात, शेवटचा आकडा फक्त.
तोवर त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही."
गोळी आजपासून बंद, मी सांगितलं.
दाढी करू नका. दिवस मोजू, वर्षं नकोत.

चौथ्या दिवशी चौदा हजार.
एवढा फरक मशीनचाही असू शकतो, मी घरी बोलले नाही.
सहाव्या दिवशी एकतीस.
हाडाचं काय, ते अजून कुणी सांगत नाही;
आता शिरेतून दुसरंच काही चालू आहे.

पायाच्या बँडेजवर
नर्सच्या पेननं त्यानं एक आकडा काढून ठेवलाय.
रोज सकाळी सुई घेऊन येणाऱ्या पोरीला
तो बोटानं तो आकडा दाखवतो.
ती तरीही हात लावते.