दोन फडकी

नोंदवहीत होतं: चिलीम, दगडी, काळी, परदेशी.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं: एका बाजूचं शिसं उडालंय.

फोर्टातलं संग्रहालय, तिसरा मजला, मागची खोली,
कापराचा वास, एसीची घरघर.
कुण्या शेटजींनी बोटीनं आणलेलं हे सगळं,
आणि सोमवारपासून मी, हातमोजे घालून.

काळ्या दगडात चर खोदून
त्यात शिसं ओतलेलं, मग घासून सपाट.
बोट फिरवलं तर सांधा लागत नाही.
काठावर एक छोटा प्राणी बसलाय, ऊदमांजरासारखा,
तोंड ओढणाऱ्याकडे, जगाकडे पाठ.
दाखवायला केलेलं नाही हे,
एवढं कळलं.

कळलं, कारण माझे वडील, तिमण्णा,
चांदिवलीच्या खाणीतल्या दगडावर टकटक करून कान लावायचे.
हा बोलतोय, घ्या.
हा मुका, राहू द्या.
दारोदार पाट्यांना टाकी लावत हिंडले.
कोपऱ्यात एक मासोळी काढायचे,
तिचे पैसे घेत नसत.

फोटोसाठी मी दांडी वाटीत बसवली.
दांडीवर साळिंदराचे काटे, चपटे करून गुंफलेले,
लाल अजून लाल.
चपखल बसली. मला बरं वाटलं.

मग बर्निस वाबूस आल्या,
कॅनडातल्या कुठल्याशा सरोवराकाठून, दोन विमानं बदलून.
पाहिलं, आणि गप्प.
जरा वेळानं म्हणाल्या, आधी सोडवा.
एरवी जोडत नाहीत. जोडले की जागे होतात.

सोडवताना हात थरथरला.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
काठावरचं हे काय आहे?
त्या म्हणाल्या, आमच्या भाषेत दगडाला
काय नाही विचारत. कोण विचारतात.

घरी जाताना, भायखळ्याच्या पुलावर, आठवलं
माझ्या लेकीचं बारसं:
तिच्याआधी पाळण्यात वरवंटा,
कुंची घातलेला, तीट लावलेला,
आणि बायका त्याला हळूहळू झुलवत होत्या.
कुणीच हसलं नव्हतं.

आता दोन फडकी, सुती, मऊ धुतलेली.
एकात वाटी, एकात दांडी.
दोन वेगळे खण.
परत पाठवायचं ठरतंय, पत्रं चाललीत,
एका विश्वस्तांची सही अडकलीय.
वर्णनाचा रकाना मी कोराच ठेवलाय.

तोवर खण उघडण्याआधी
टकटक करते.