होतु

उद्यमबागेत दिवसभर मी ओतीव डाग तपासतो.
भोक दिसलं की खडूनं गोल काढायचा,
एवढंच काम.
रात्री जांबोटीच्या खोलीत
ताट बाजूला सारून
मी बसचं वेळापत्रक लिहायला घेतलं.
स्टँडवर रंगवलेलं नव्हे,
खरं.
कणकुंबीची सव्वासहाची कधी येते,
कुठल्या चढावर बसकण मारते,
कुठल्या वारी येतच नाही.

फोनवर एक लहानसं काहीतरी जुळवलं:
थांबा दाबा, गाडी दिसली का सांगा.
पहिले चाळीस दिवस
सांगणारा मी, बघणाराही मीच.
बायको म्हणाली, आरशाशी बोलतोयस की रे.

मग दस्तगीर आला, अंड्यांचे ट्रे नेणारा.
आल्या आल्या चूक काढली:
बैलूर फाटा आधी, पूल मागनं.
खरं होतं.
रागानं मी दोन दिवस दुरुस्त केलं नाही.
मग इनासमाम शिंपी,
मशीन थांबवून खिडकीतनं बघणारा,
गाडी कुठल्या अंगाला कललीय तेही सांगणारा.
दवाखान्यातली शिवलीला कन्नडात लिहायची.
मी शिकलो, बसपुरतं.
बंतु म्हणजे आली.
होतु म्हणजे गेली.
कितीतरी दिवस कळेचना,
गेली म्हणतात की होती म्हणतात.

एका रात्री भांडण लागलं.
थांब्याचं नाव आधी कुठल्या लिपीत?
एकशेनव्वद माणसं, पहाटे दोनपर्यंत.
अकरा जण निघून गेले.
मी फोन उशीखाली दाबला.
सकाळी सव्वासहाला, कुणालाच न विचारता,
गाडी आली.
दगडी थांब्यावरनं निंगव्वाचा आवाज: बंतु.
मग दस्तगीर: पूल सोडला.
त्या अकरांतले चार दुपारी परत.
बाकीचे नाहीत.

दगडी थांब्यावर कुणी चढत नाही, उतरत नाही.
एका रविवारी मुद्दाम गेलो.
निंगव्वा शेंगा फोडत बसलेली.
तुम्हाला कुठं जायचं असतं, मावशी?
मला कुठं जायचंय?
गाडी सांगायला नको?
आणि मूठभर शेंगा माझ्या खिशात.

श्रावणात तारा तुटल्या.
चार दिवस दगडी थांबा गप्प.
गाडी पुढं दिसायची, मागं दिसायची,
तिथं मात्र कुणी तिला पाहिलेलं नसायचं.
लोक विचारायचे, आली का?
बसबद्दल विचारतायत असं मला वाटलं नाही.

शुक्रवारी वीज आली.
निंगव्वानं भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा
एका दमात वाचून दाखवल्या:
सोमवार होतु.
मंगळवार होतु.
बुधवार बरलिल्ला, आलीच नाही.
गुरुवार होतु, उशिरा, डायव्हर नवा.

कुणाच्या काय कामाचं आता ते?
मी उठलो, ताट सारलं,
चारी दिवस नोंदवले.