पाटकऱ्याचं पोर

बापाकडे एक फावडं होतं,
दांड्याला त्याच्या तळव्याचा घाट पडलेला.
पांझरेच्या बंधाऱ्यावरून पाटात, पाटातून चारीत,
चारीतून सारंगात
तो पाणी चालवत न्यायचा, शेळी नेल्यासारखं.
कोणाचं घर दुमजली, कोणाचं पत्र्याचं
हे पाण्याला सांगायची रीत नव्हती.

माझ्याकडे काच जोडायचं मशीन आहे.
केसाएवढी तार, तिच्यातून उजेड पळतो
साक्रीहून, विजेच्या खांबांवरून,
मारुतीमागच्या चिंचेला वळसा घालून
दूध डेअरीच्या मागच्या खोलीत
माझ्या डब्यात येऊन लुकलुकतो.
तीनशे बारा घरं.
बापाला म्हणालो, हापण एक पाटच शे.
त्याने एवढंच विचारलं,
"शेवटना घरले पोचस का?"

मार्चात नाशिकहून साहेब आले, गाडीतच बसून बोलले.
माणूस वाईट नव्हता. थंड पाण्याची बाटली मलाच दिली.
म्हणाले, "हेमकांत, खांब आम्ही रोवले, तार आम्ही ओढली,
रात्री नऊला अख्खं गाव सिनेमे बघतं, नळी तेवढीच.
मग खर्च कोणी सोसायचा?"
खरं सांगतो, मला उत्तर आलं नाही.
मग त्यांनी यादी दिली.
हिरव्या शाईतली नावं फुकट, आणि धावत.
बाकीची
(इथे त्यांनी दोन बोटांनी गोगलगाय चालवून दाखवली)
"बंद नाही करायची रे. जरा हळू, बस."
मी म्हटलं, दिल्लीचा नियम आहे ना,
कोणी कोणाची वाट अडवू नये म्हणून.
"दिल्ली," साहेब म्हणाले,
आणि गाडीची काच वर गेली.

यादीबाहेर कुमुदिनी सोनवणे होती.
शिंप्याच्या दुकानावरची खोली,
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या.
रोज सात वाजता ती अहिराणीत बोलते:
पिंपळनेरला कांदा काय भावाने गेला,
कोणाची म्हैस दोर तोडून गेली,
दाखल्याला कोणती खिडकी.
ऐकणारे एकशे चाळीस, त्यातला एक माझा बाप.
भाव हिरव्या यादीतही होता.
खाली माल घेणाऱ्याचा नंबर. एकच.

मी आकडा टाकला, बटण दाबलं.
काहीच वाजलं नाही.
फावडं चिखलात रुततं तेव्हा निदान
पचकन आवाज होतो.

सात वाजता बापाने मोबाईल कानाला लावला.
"आज कांदा कमीत कमी…
…
ते जास्तीत जास्त…
…
रामराम मंडळी."
सगळं आलं, नेमके आकडे वाटेत मुरले.
त्याने फोन झटकला, मोटारीत हवा धरल्यासारखा.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाला,
"पानी कोनी तोडं रे?"

मी सहा वर्षांचा असताना
त्याने मेव्हण्याच्या वावरात रात्री
अर्धा तास जादा पाणी सोडलं होतं.
कोणी पाहिलं नव्हतं.
सकाळी आपणहून पंचांपुढे जाऊन उभा राहिला.
दोन पायल्या गहू दंड,
आणि एक हंगाम फावडं दाराआड.
जेवताना आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसायचो.

रात्री डेअरीमागे जाऊन मी आकडा पुसला.
साहेबांचा फोन सकाळी येईल, येऊ दे.
पण हे सांगायचं कोणाकडे?
या पाटाचे पंच कुठल्या ओट्यावर बसतात
मला माहीत नाही.
म्हणून शिंप्याचा जिना चढलो.

कुमुदिनी जमिनीवर बसली होती,
समोर मशीन उघडं,
स्क्रू एका बशीत नीट मांडलेले.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,
"बरं झालं आलास भाऊ.
तीन दिवस झाले,
माझ्यातच काहीतरी बिघडलंय."